श्रेणिकचं शेत

भरतेश मगदूमच्या ताब्यात व्हिडिओ गेमच्या सहाशे अकरा कॅसेटी होत्या. त्यातल्या सहाशे दहा ठणठणीत होत्या आणि एक आळशी होती. ती एकच का आळशी राहिली, हे त्याने अडतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि इथं सांगितलेलंही त्याला आवडणार नाही. पण २०४६च्या श्रावणात त्याने जे केलं ते झाकून ठेवण्यासारखं नव्हतंच.

कॅसेट म्हटलं की आजची पोरं विचारतात, म्हणजे टेप का? नाही बाबांनो, टेप नाही. गेमच्या त्या प्लास्टिकच्या वडीत फीत नसते, चाकं नसतात, तरी आपल्याकडे तिला कॅसेटच म्हणायचे. कुणी सुरू केलं देव जाणे. अशा कॅसेटी, त्या लावायची यंत्रं, पार्लरमधली उभी लाकडी खोकी, हे सगळं भरतेशने पंधरा वर्षांपूर्वी सांगलीच्या वखारभागातल्या एका जुन्या हळदीच्या गोदामात मांडलं आणि बाहेर पाटी लावली: खेळघर. भिंतीला टेकलात तर सदऱ्याची पाठ आजही पिवळी होते. पण कपाटं बघा! हवाबंद, कोरडी, प्रत्येक कॅसेट आपापल्या कापडी पिशवीत. लहानपणी सगळ्यांनीच कॅसेटीत फुंकर मारलेली असते. खेळघरात कुणी फुंकर मारताना दिसला तर भरतेश त्याला सरळ दाराबाहेर काढी. "थुंकी उडते आणि पिना गंजतात," एवढंच बोले.

आता आळसाचं. काही कॅसेटींमध्ये एक छोटी चिप असते. खेळणारा कुठे थांबला, त्याचं नाव काय, त्याने काय काय जमवलं, हे सगळं तिच्यात राहतं. पण तिला स्वतःची स्मरणशक्ती नसते. शेजारी नाण्याएवढी बॅटरी असते. ती जिवंत आहे तोवर चिपला आठवतं, ती मेली की पाटी कोरी. म्हणून दर दहा-बारा वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. आणि त्याच वेळी आणखी एक काम उरकायचं, ज्याला खेळघरवाले 'आळस काढणं' म्हणत. एकच माहिती वर्षानुवर्षं धरून बसलेली चिप एका बाजूला कलते आणि नवं लिहायला गेलं की अडखळते. मग काय करायचं, तिच्यातली माहिती संगणकावर उतरवून घ्यायची, चिपमध्ये बरोबर उलटी माहिती भरायची, शून्य तिथे एक आणि एक तिथे शून्य, आणि आठ दिवस ऊबदार पेटीत ठेवून द्यायची. आठ दिवसांनी चिप सरळ. मूळ माहिती परत भरायची, झाकण लावायचं, वहीत तारीख घालून लिहायचं, 'आळस काढला'.

भरतेश या कामात देशभर नावाजलेला. त्याच्या हातून एकही चिप मेली नव्हती.

श्रावणातल्या एका सकाळी देशातल्या अशा सगळ्या संग्रहांची पडद्यावर बैठक होती. भरतेश आणि नोंदी ठेवणाऱ्या पद्मजा कुरणे चहाचे कप घेऊन बसले होते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. शबनम मुजावर बोलायला उभ्या राहिल्या. मूळच्या मिरजेच्या, त्यामुळे पद्मजाताईंना उगाचच अभिमान.

"तुम्ही ज्याला आळस म्हणता ना," मुजावरबाई म्हणाल्या, "ती नोंद आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. चिपमधल्या प्रत्येक घरात दोन पहारेकरी असतात. शून्य धरायचं असेल तर एकाने जागायचं, एक धरायचा असेल तर दुसऱ्याने. हे पहारेकरी म्हणजे ट्रान्झिस्टर. जो वर्षानुवर्षं जागतो त्याच्या आतल्या थरात विद्युतभार अडकत जातात आणि तो थकतो. चिपची वीज तोडून पुन्हा दिली आणि तिला काहीच सांगितलं नाही, तर प्रत्येक घरात कमी थकलेला पहारेकरी आधी उठतो. हेच वेगवेगळ्या तापमानांना लाखो वेळा करून बघायचं. त्यावरून प्रत्येक पहारेकरी किती थकलाय हे मोजता येतं, आणि थकव्यावरून तिथे कोणती माहिती किती काळ होती हे काढता येतं. साठवलेल्या माहितीवरून खेळणारा कुठे थांबला एवढंच समजतं. थकव्यावरून तो तिथवर कसा पोचला तेही समजतं. कधी काय पेरलं, कधी काय मोडलं, कधी नुसताच बसून राहिला. हे मोजणाऱ्या यंत्राला प्रयोगशाळेतली मंडळी 'शिंपी' म्हणत. वर्षानुवर्षं एका खांद्यावर पिशवी वाहणाऱ्याचा तो खांदा उतरतो आणि मापं घेणाऱ्या शिंप्याला ते बरोबर कळतं, म्हणून.

कोलकात्याच्या माणसाने आपला कॅमेराच बंद केला. कारण थकवा घालवायचा उपाय सगळ्यांना पाठ होता आणि सगळ्यांनी तो अगदी मन लावून केला होता.

"अगं बाई," पद्मजाताई म्हणाल्या, "म्हणजे पंधरा वर्षं आपण पुसतच बसलो होतो?"

"आळस न काढलेली एखादी तरी कॅसेट कुणाकडे आहे का?" मुजावरबाईंनी विचारलं. "मूळ मालकाने कोरी घेतलेली, दुसऱ्या कुणी न खेळलेली?"

भरतेशने पद्मजाताईंच्या हाताला हात लावेपर्यंत उशीर झाला. "आहे की!" त्या ओरडल्याच. "आमच्याकडे आहे! कॅसेट क्रमांक एक!"

भरतेशने चहाचा कप खाली ठेवला.

ही क्रमांक एकची कॅसेट त्याच्या थोरल्या भावाची, श्रेणिकची. २००६ साली मामाने मस्कतहून हातात धरायचं एक खेळयंत्र आणलं होतं आणि सोबत शेतीच्या खेळाची कोरी कॅसेट. श्रेणिक तेव्हा पंधरा वर्षांचा. दोन वर्षं त्याने त्या इवल्याशा पडद्यावर शेत उभं केलं. कुंपण, विहीर, मक्याच्या रांगा. नऊ वर्षांचा भरतेश त्याच्या खांद्यावरून बघत बसे. हात मात्र लावायचा नाही. "तुझं तू मोठा झालास की घे," श्रेणिक म्हणायचा. २००८च्या ऑक्टोबरात श्रेणिकला डेंगी झाला आणि सहाव्या दिवशी तो गेला.

घर माणसांनी भरलेलं, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. श्रेणिक जाऊन दहा दिवस झाले होते. अकरा वर्षांच्या भरतेशने यंत्र उचललं आणि गच्चीवर गेला. त्याला दादाचं शेत बघायचं होतं, बास. पण पडद्यावर 'नवा खेळ' असं आलं आणि अंगठ्याने ते दाबलं. नाव विचारलं, त्याने स्वतःचं टाकलं. दहा मिनिटं दगड फोडले, चार बिया पेरल्या, आणि बंद करताना दादा करायचा तसं सेव्ह केलं. त्या कॅसेटीत एकाच खेळाला जागा होती. दादाचं शेत गेलं.

पुढचे आठ महिने तो चोरून गच्चीवर बसला आणि आठवेल तसं शेत पुन्हा बांधलं. नावाच्या जागी श्रेणिकचं नाव. विहीर तिथेच, कुंपण तसंच, मक्याच्या रांगा सहा. पुढच्या सप्टेंबरात श्रेणिकच्या वाढदिवसाला आई म्हणाली, "त्याचं ते शेत दाखव की रे मला." त्याने दाखवलं. आई कितीतरी वेळ बघत बसली. पडद्यावरचा छोटा माणूस घराच्या दाराशी उभा होता. "हात नको लावूस हं," आई म्हणाली, "तो जसा ठेवून गेलाय तसंच राहू दे."

दर एकोणीस सप्टेंबरला हेच. सदतीस वाढदिवस झाले. मोठेपणी भरतेश इलेक्ट्रॉनिक्स शिकला, लोकांच्या माळ्यावरच्या कॅसेटी गोळा करत सुटला, खेळघर काढलं. लोक म्हणायचे काय छंद आहे! छंद कसला डोंबलाचा. एक पुसली म्हणून सहाशे जपत होता बिचारा. आणि ती एक मात्र त्याच्याने उघडवत नसे. बॅटरी संपत आली की शेजारी दुसरी जोडून मगच जुनी काढायची, यापलीकडे त्याने तिला हात लावला नव्हता. आळस काढायलाही नाही. लाज वाटायची.

त्या दिवशी दुपारी तो विश्रामबागेत आईकडे गेला तर तिला सगळं आधीच कळलं होतं. पद्मजाताईंचा फोन येऊन गेला होता. सुलोचनाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली, गुडघे गेलेले, पण आवाज अजून वर्गात शिकवल्यासारखा.

"खरं का रे? दिवस न् दिवस कळतो म्हणे."

"अजून प्रयोगच चाललेत आई. खात्री नसते."

"नसू दे." ती जवळ सरकून बसली. "मला एकच विचारायचंय त्या बाईंना. ताप चढला त्या दुपारी तो गॅलरीत बसून खेळत होता. मी दोन हाका मारल्या. तिसऱ्यांदा ओरडले, की आग लागो तुझ्या त्या खेळाला, ताट वाढलंय, ये. चार वाजता बघते तर तिथंच बसलेला, अंग नुसतं भाजत होतं. मी ओरडल्यावर त्यानं काय केलं? खेळ ठेवला, की तसाच खेळत राहिला? तेवढं सांगेल का यंत्र?"

भरतेशने हे आजवर कधीच ऐकलं नव्हतं. आई कधी बोललीच नव्हती.

"सांगेल का रे?"

"बघू," तो म्हणाला.

"मला साधारण माहीत आहे," आई म्हणाली, आणि का कोण जाणे, हसली. "पण यंत्रानं सांगितलं की मी सुटले."

घरी परतताना त्याच्या डोक्यात एकच चक्र चालू होतं. शिंपी सांगणार, की हे शेत श्रेणिक गेल्यावर बांधलेलं आहे. आईला कळणार, की सदतीस वर्षं ती ज्याच्यासमोर हात जोडून बसली ते धाकट्याचं कारस्थान होतं. या वयात तिला हे कसं सोसेल? असं तो स्वतःला सांगत होता. आईच्या जिवाला घोर नको, आईची तब्येत, आईचं वय. खरं तर त्याला स्वतःचीच भीती वाटत होती, पण माणूस अशा वेळी आईचं नाव पुढे करतो.

आणि उपाय तर समोरच होता. त्यात चोरीसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, खेळघर उघडं असताना, पद्मजाताई शेजारच्या टेबलावर असताना, त्याने क्रमांक एकचं झाकण उघडलं. माहिती संगणकावर उतरवून घेतली. उलटी भरली. पेटी साठ अंशांवर लावली.

"अहो, हे काय? मुजावरबाई येणार आहेत ना?" पद्मजाताईंनी विचारलं.

"बॅटरीजवळ गंज दिसला. आत्ता केलं नाही तर चिपच जाईल."

"पण मग आळस..."

"चिप वाचवू, की आळस?" तो करवादला. पंधरा वर्षांत तो त्यांच्यावर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. त्याने वहीत नोंद केली. गंज नव्हताच. वहीतली ती पहिली खोटी नोंद.

पाचव्या दिवशी मुजावरबाईंचा फोन आला. त्या पुढच्या मंगळवारी यंत्र घेऊन येणार होत्या, जागा किती लागेल, वीज कशी आहे, ते विचारत होत्या. भरतेश हो-हो करत होता.

"आणखी एक," त्या म्हणाल्या. "हे बैठकीत राहून गेलं. चिप कोरी असते ना, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत ती सगळ्यात जास्त थकते. नंतर थकवा हळूहळू वाढतो. त्यामुळे वर दुसरं काही लिहिलं गेलं असलं तरी खालचं जात नाही. परवाच एका चिपवर आम्हाला वरच्या खेळाखाली आधीचा अख्खा खेळ मिळाला, शेवटच्या दिवसासकट. तुमच्या भावाने कधी सुरुवातीपासून परत खेळायला घेतलं असेल, तर तेही निघेल. हॅलो? ऐकताय ना?"

फोन टेबलावर तसाच टाकून तो पेटीकडे धावला. झाकण उघडताना बोटं भाजली. पाच दिवस. दादाचं शेत खाली होतं. अडतीस वर्षं तिथेच होतं, त्याच्या भिकार नकलेच्या खाली, आणि त्याने पाच दिवस ते भाजलं. अकरा वर्षांच्या पोराने चुकून केलं होतं; हे त्याने एकोणपन्नासाव्या वर्षी समजून-उमजून केलं. तो तिथेच जमिनीवर बसला आणि हुंदके देऊन रडला. पद्मजाताईंनी पाणी आणून दिलं, काय झालं म्हणून विचारलं नाही. फोनवर मुजावरबाई अजून हॅलो हॅलो करत होत्या.

मंगळवारी शिंपी आला. दोन माणसांनी उचलायचं धूड, आत कॅसेटीएवढी एक खाच. आईला यायचं होतं, पण भरतेशने तिला बुधवार सांगितला होता. सकाळी सुरू केलेली मापं दुपारी तीनपर्यंत चालली. मुजावरबाई पडद्यापुढे बसून होत्या. आधी उत्साहात होत्या, मग कपाळाला आठी पडली, मग त्यांनी खुर्ची वळवली.

"मगदूमसाहेब, ही चिप गेल्या पंधरवड्यात भाजलीय."

पद्मजाताईंनी मान खाली घातली. भरतेशने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि सगळं सांगितलं. गच्ची, नवा खेळ, आठ महिने, पेटी. सांगताना त्याला वाटलं होतं हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही.

मुजावरबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुम्ही राखणदार आहात हो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी म्हटलं असतं, अडाणी आहे."

"काही उरलंय का?"

"जे दोन वर्षं जागचं हललं नाही ते उरलंय. ते खोल बसलेलं असतं." त्यांनी पडदा त्याच्याकडे फिरवला. "नाव आहे. विहीर आहे. सात कोंबड्या आहेत, पहिल्याच उन्हाळ्यापासून."

कोंबड्या! भरतेशला त्या आठवत होत्या. चांगल्या आठवत होत्या. जैनाच्या घरातलं पोर खेळात कोंबड्या पाळतंय हे आईला आवडणार नाही, म्हणून त्याने आपल्या शेतात त्या घातल्याच नव्हत्या. आणि आई सगळ्या पाहुण्यांना सांगायची, माझ्या श्रेणिकनं खेळातसुद्धा कोंबडी पाळली नाही.

"आणि शेवटचा दिवस?"

"तो चिपवर फक्त सोळाच दिवस होता, तुम्ही नवा खेळ सुरू करेपर्यंत. इतका कोवळा थकवा पेटीत पहिल्या दोन-तीन दिवसांतच जातो. न भाजता आणली असती तर मिळाला असता. खोटं कशाला सांगू?"

यंत्र आवरून गाडीत चढवल्यावर त्या परत आत आल्या. "तुमच्या आईंचा मला फोन आला होता. एकच प्रश्न विचारायचाय म्हणाल्या. मी त्यांना काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं, आणि आजच."

साडेपाचला तो विश्रामबागेत पोचला. पिशवीत यंत्र होतं, त्यात क्रमांक एक. माहिती परत भरलेली, शेत जसंच्या तसं. तेवढंच दाखवून निघून आला असता तर आईला जन्मात काही कळलं नसतं. जिन्यात त्याने हाही विचार केला.

"आज कसा काय? बुधवार म्हणाला होतास."

"यंत्र येऊन गेलं आई. मी तुला मुद्दाम उद्याचा दिवस सांगितला."

तो बसलाच नाही. उभ्या उभ्या बोलत सुटला. पहिल्या वाक्याला आईला वाटलं कुणाची चिप, कसला नवा खेळ. मग तिला कळायला लागलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. शाळेत पोरं गुन्हा कबूल करायची तेव्हा ऐकायची तसं ऐकत होती. कोंबड्यांचं आलं तेव्हा तिच्या तोंडून "सात?" एवढंच बाहेर पडलं. पेटीचं आलं, पाच दिवसांचं आलं.

"म्हणजे त्या दुपारचं?"

"ते गेलं, आई. मी घालवलं."

"आणि दाराशी जो उभा आहे तो?"

"तो मी. गच्चीवर कुणाची तरी चाहूल लागली म्हणून घाईने सेव्ह केलं, तेव्हा माणूस तिथे होता. त्यात काही नाही."

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. खाली कुणीतरी स्कूटर लावत होतं.

"त्यात काही नाही," ती म्हणाली. "दर वर्षी मी काय बघत होते तुला ठाऊक आहे? तो दाराशी उभा आहे ते. मी म्हणायची, बघ, आपण ओरडलो आणि तो घराकडे निघाला होता. ताटावर यायला निघाला होता. मधेच ताप चढला म्हणून राहिला. रागानं नाही राहिला. त्यावर काढली मी इतकी वर्षं. आणि तिथं तू उभा होतास."

भरतेशला वाटलं आता ती मारेल, आणि मारलं तर बरं होईल. तिने मारलं नाही. पदराने डोळे पुसले, चष्मा लावला.

"माफ केलंय असं समजू नकोस," ती म्हणाली. "तेव्हाच्या पोराला करीन. आत्ताच्या बाप्याला नाही. आण ते इकडे."

त्याने यंत्र सुरू करून तिच्या हातात दिलं. सदतीस वर्षांत तिने ते असं कधी धरलं नव्हतं. तिला अंगठे कुठे ठेवायचे तेही कळेना. एक बटण दाबलं गेलं आणि दाराशी उभा असलेला माणूस खाली शेताकडे चालायला लागला. आईने दचकून हात काढला. माणूस मक्याजवळ थांबला.

"हा कुठं निघाला?"

"तू नेशील तिकडे जातो, आई."

तिने यंत्र डोळ्यांजवळ धरलं. "घरात कसं न्यायचं ते सांग."

"वर. अजून वर. आता डावीकडे. दारात पोचलीस की हे गोल बटण."

ती हळूहळू दाबत राहिली. दोनदा विहिरीला अडली, एकदा कुंपणाला. भरतेश शेजारी जमिनीवर बसून वर, डावीकडे, वर, असं सांगत होता आणि त्याच्या नाकातून पाणी वाहत होतं. माणूस दाराशी आला. आईने गोल बटण दाबलं. दार उघडलं, तो आत गेला. आत एक खाट, एक टेबल, एक चूल.

"पोचला," आई म्हणाली. "मी आणला."

मग तिने न बघताच यंत्र त्याच्यापुढे धरलं.

"सेव्ह कुठल्या बटणानं करतात?"

भरतेशचा हात आपोआप पुढे आला, अडवायला. हा संग्रह होता, ही पहिली नोंद होती, तिच्यावर काही लिहायचं नसतं. त्याने हात मागे घेतला आणि बटण दाखवलं. आईने ते स्वतः दाबलं.